घर शिपायाचे, भाडे सावकाराचे

अमेरिकेतील लष्करी छावण्यांभोवती गेली काही वर्षे एका नव्या शास्त्राचा उदंड प्रचार चालू आहे. त्याचे सूत्र थोडक्यात असे : शिपायाची दर दोन-चार वर्षांनी बदली होते, तेव्हा त्याने प्रत्येक बदलीच्या गावी एक घर घ्यावे, राहून झाले की ते भाड्याने द्यावे आणि पुढच्या छावणीत पुन्हा दुसरे घ्यावे. वीस वर्षांनी निवृत्त होताना त्याच्या नावावर चार-पाच घरे असतील व भाडेकरू त्याला जन्मभर पोसतील. हा उपदेश करणारे बहुधा घरांचे दलाल, कर्ज मिळवून देणारे मध्यस्थ आणि त्यांच्याशी संधान बांधलेले माजी सैनिक असतात. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला ते 'गुंतवणूकदार' ही पदवी बहाल करतात. पदवी तेवढी फुकट असते. बाकी सगळ्याला पैसे पडतात.

या शास्त्राला आधार आहे तो सरकारी हमीचा. सेवेतील व निवृत्त सैनिकांना घरासाठी कर्ज देणाऱ्या बँकेला अमेरिकेचे सरकार कर्जाच्या एका हिश्शाची हमी देते. त्यामुळे पदरचा एक डॉलरही न घालता घराची पूर्ण किंमत कर्जाऊ मिळते. घर राहण्यासाठीच हवे, असे लिहून द्यावे लागते. परंतु काही काळ राहिल्यावर ते भाड्याने देण्यास आडकाठी नाही. चार बिऱ्हाडांची इमारत घेऊन एकात स्वतः राहावे आणि तिघांकडून भाडे घ्यावे, हेही नियमात बसते. शिवाय घरभाडे भत्ता मिळतो, त्यावर प्राप्तिकर नाही, आणि कर्ज देताना बँक तो उत्पन्नातच मोजते.

ही हमी आकाशातून पडलेली नाही. पहिल्या महायुद्धातील सैनिक कबूल केलेला बोनस मागण्यासाठी १९३२ साली वॉशिंग्टनला जमले, तेव्हा जनरल मॅकार्थरच्या फौजेने रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना पिटाळून लावले. ती नामुष्की विसरली गेली नव्हती. दुसऱ्या युद्धातून लाखो माणसे परत यायच्या आत, २२ जून १९४४ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. शिक्षण, बेकारभत्ता आणि घरकर्जाची हमी असे त्याचे स्वरूप होते. सामान्य माणसाच्या पदरात त्यातून पुष्कळ पडले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र घर बांधून देण्याऐवजी सरकारने बँकेला निर्धास्त केले आणि कर्ज कोणाला द्यायचे हा निर्णय बँकेच्याच हाती ठेवला. परिणाम काय झाला? १९४७ साली मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांत या हमीखाली दिलेल्या तीन हजार दोनशेहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली ती अवघी दोन. न्यूयॉर्कजवळ त्याच वर्षी उभ्या राहू लागलेल्या लेव्हिटटाउनच्या करारपत्रात तर गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये असे कलमच होते. एकाच युद्धात लढलेल्या दोन माणसांपैकी एकाला घर आणि दुसऱ्याला खोली, ही विभागणी सावकाराने केली आणि तिच्यावर शिक्का सरकारचा बसला.

आता नव्या शास्त्राचा हिशेब त्याच्याच पाटीवर मांडून पाहावा. एखाद्या सार्जंटने तीन लाख डॉलरचे घर घेतले. पहिल्या वेळी, अनामत न भरता, सरकारी हमीचे शुल्क २.१५ टक्के, म्हणजे ६,४५० डॉलर कर्जात मिळवले जातात. साडेसहा टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे १,९३७ डॉलर येतो. मालमत्ता कर व विमा वेगळा. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, तोवर त्याने सुमारे ६९,७०० डॉलर भरलेले असतात. त्यांतले सुमारे ५८,७०० व्याजात गेलेले असतात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम अकरा हजार. कर्ज उरते दोन लाख पंचाण्णव हजारांच्या वर. घर त्याच किमतीला विकले, तर दलालाची पाच टक्के दलालीसुद्धा त्यातून भागत नाही. म्हणजे किमती चढल्या नसतील, तर विकण्यासाठी खिशातून पैसे घालावे लागतात. तेव्हा तो घर भाड्याने देतो. प्रचारक याला दूरदृष्टी म्हणतात! पुष्कळदा ती दूरदृष्टी नसते, नाइलाज असतो.

पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. नव्या गावी मिळणारा भत्ता नव्या गावच्या बिऱ्हाडावर जातो. जुन्या घरात भाडेकरू आहे तोवर त्याचे भाडे हप्त्यात जाते. व्यवस्था पाहणारा मुकादम भाड्याचा साधारण दहावा हिस्सा घेतो. आणि घर दोन महिने रिकामे राहिले किंवा छप्पर गळले, की तो भार पगारावर पडतो. व्याजाचा वाटा सर्वांत मोठा असलेल्या या पहिल्या वर्षांत 'घरमालक' सार्जंट वस्तुतः बँकेचा बिनपगारी वसूलदार असतो. कागदोपत्री त्याचे नाव असते, एवढाच काय तो फरक.

आणि ही वसुली होते कोणाकडून? छावणीशेजारच्या घरात भाडेकरू म्हणून येतो तो बहुधा दुसरा शिपाईच, हुद्द्याने धाकटा. घरभाडे भत्ता हुद्दा, कुटुंब आणि गाव पाहून ठरतो आणि त्याचे दर दरवर्षी जाहीर होतात. कॉर्पोरलला किती मिळणार हे घरमालकाला कॉर्पोरलच्या बायकोइतकेच आधी ठाऊक असते. साहजिकच भाडे त्या आकड्यापर्यंत चढू पाहते. शिपायाच्या नावाने खजिन्यातून निघालेला पैसा शिपायाच्या हाताला नुसता स्पर्श करून घरमालकाकडे आणि तिथून बँकेकडे जातो.

या भत्त्याच्या बाहेर जे आहेत त्यांचा तर कोणी विचारच करत नाही. टेक्सासमधील किलीन हे गाव फोर्ट हूड छावणीच्या आधाराने जगते. तिथल्या दुकानात उभ्या राहणाऱ्या, छावणीतल्या माणसांचे कपडे धुणाऱ्या, त्यांची मुले सांभाळणाऱ्या बाईला कसलाच घरभाडे भत्ता नाही. तिच्या राज्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर असून २००९ सालापासून त्यात एका सेंटची वाढ झालेली नाही. घर मात्र तिला त्याच बाजारात शोधावे लागते. गावाच्या नगरपालिकेने भाड्यावर मर्यादा घालायची म्हटले, तरी टेक्सासचा कायदा आपत्तीच्या प्रसंगी आणि तोही गव्हर्नरच्या संमतीनेच तशी परवानगी देतो. भाडे चढणे ही तिथे आपत्ती समजली जात नाही.

यावर प्रचारकांचे एक उत्तर तयार असते आणि ते अगदीच पोकळ नाही. शिपाई जीव धोक्यात घालतो, त्याचा पगार तुटपुंजा. त्याने चार पैसे गाठीला बांधले तर कोणाच्या पोटात का दुखावे? दुखू नयेच. संरक्षण खात्याच्याच पाहणीत सेवेतील सुमारे चौथ्या हिश्शाच्या सैनिकांना पुरेशा अन्नाची विवंचना असल्याचे आढळले. निवृत्तिवेतनाची कथाही तशीच. वीस वर्षे पूर्ण न करणाऱ्याला जुन्या पद्धतीत काहीच मिळत नसे, आणि पाचांतले चार जण वीस वर्षांच्या आतच बाहेर पडत. २०१८ पासून नवी पद्धत आली. तिने मधेच जाणाऱ्यांना थोडी शिल्लक दिली, पण पूर्ण सेवा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा दर वर्षामागे अडीच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणला. तेव्हा म्हातारपणाच्या भीतीने शिपाई भाड्याचे घर घेतो, यात त्याचा दोष नाही. पण त्या भीतीवरचा उपाय म्हणून त्याला आपल्याहून धाकट्या शिपायाच्या पगारात वाटा शोधायला लावणे, याला सैनिककल्याण म्हणण्याची मखलाशी कशासाठी?

शिवाय सरकारी निवासाचा मार्ग त्याच्यासाठी कोणी बंद केला? १९९६ च्या कायद्याने लष्करी कुटुंबांची घरे खाजगी कंपन्यांकडे सोपवायला सुरुवात झाली. अमेरिकेतील अशी बहुतेक सर्व घरे आज पन्नास-पन्नास वर्षांच्या करारांनी त्यांच्या ताब्यात आहेत आणि भत्ता थेट कंपनीकडे वळतो. भिंतींवर बुरशी, रंगात शिसे, मुले आजारी, अशा तक्रारी २०१८ नंतर चव्हाट्यावर आल्या. त्यांतल्या एका मोठ्या कंपनीने, बॅल्फर बिटी कम्युनिटीजने, दुरुस्तीच्या नोंदी खोट्या करून सरकारकडून बक्षिसाची रक्कम उकळल्याचा गुन्हा डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयात कबूल केला. दंड व भरपाई मिळून साडेसहा कोटी डॉलर भरावे लागले. करार मात्र पुढे चालू राहिले. अविवाहित शिपायांच्या बराकींत सांडपाणी आणि उंदीर आहेत, असे २०२३ साली सरकारच्याच लेखापरीक्षकांनी लिहून ठेवले. अशा बराकीतून सुटण्यासाठी जो तडफडतो त्याच्या दारात दलाल उभा राहतो, हा योगायोग नव्हे.

एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना एक मुद्दा ठासून मांडला होता : कामगाराला कर्जाचे घरकुल देणे म्हणजे त्याच्या पायात बेडी घालणे होय, कारण मग तो संपावर जाताना दहादा विचार करतो. शिपायाला संपाचा हक्क मुळातच नाही. पण त्याच्या पायातली बेडी अधिक जड आहे. कर्ज थकले तर त्याचा गोपनीय कामाचा परवाना धोक्यात येतो, आणि परवाना गेला तर हुद्दाही जाऊ शकतो. ज्याच्या डोक्यावर दोन घरांचे हप्ते आहेत तो पुढच्या मुदतीच्या कागदावर सही करताना लढाई कोणती, कोणासाठी, हे विचारण्याच्या मनःस्थितीत नसतो. बँकांचे देशप्रेम किती, तेही एकदा दिसले आहे. सैनिकांना व्याजाची सवलत देणारा कायदा असताना जेपी मॉर्गन चेस या बँकेने सुमारे चार हजार सैनिकांकडून जादा रक्कम घेतली आणि काहींची घरे चुकीने जप्त केली, अशी कबुली तिला २०११ साली द्यावी लागली.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. येथील भाडे नियंत्रण कायद्यात, १९९९ च्या, सैनिकाला स्वतः राहण्यासाठी आपले घर भाडेकरूकडून परत मिळवण्याची खास तरतूद आहे. सैनिकाचे घर म्हणजे त्याने परत येऊन राहण्याची जागा, ही त्यामागची कल्पना. परंतु २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने भरती केलेल्या तरुणांपैकी बहुतेकांना चार वर्षांनी, निवृत्तिवेतनाशिवाय, सुमारे पावणेबारा लाख रुपये हाती देऊन घरी पाठवायचे आहे. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या खेड्यातला पोर पंचविशीच्या आत ती रक्कम घेऊन उतरेल, तेव्हा स्टँडवर त्याला गाठायला कोण उभे असेल हे सांगायला ज्योतिषी नको. पुण्याच्या कडेला एक फ्लॅट घे, उरलेले कर्ज आम्ही मिळवून देतो, हप्ता भाडेकरू भरेल, असेच त्याला सांगितले जाईल. त्याच्याकडे पोहोचण्यात कार्यकर्त्यांनी दलालाच्या मागे राहता कामा नये. आणि जाताना वरचा तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडून न्यावा, रुपयांत.