सोंग उतरते, रंग उतरत नाही

फाल्गुन लागला की पेण-रोह्याच्या बाजारात दुकानांपुढे रंगांच्या राशी दिसू लागतात. त्यांच्या शेजारी पिचकाऱ्या, रबरी मुखवटे, चमकणारी शिंगे, नकली दाढ्या, फेसाचे स्प्रे आणि फुग्यांची पाकिटे असतात. यातला बराचसा माल ऑक्टोबरअखेरीस पुन्हा बाहेर येतो. तेव्हा त्याला ‘हॅलोविन’चा माल म्हणतात. शहरांतल्या सोसायट्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांमधून हा सण आता आपल्याकडच्या फार्महाऊसवरच्या पार्ट्यांपर्यंत आला आहे. ‘हे आपले नव्हे’ असा वादही दरवर्षी होतो.

त्या वादात मला फारसा रस नाही. भुताखेतांचे सोंग घेऊन दारोदार जाणे आणि काहीतरी पदरात पाडून घेणे आयर्लंड-स्कॉटलंडच्या मुलांना जसे ठाऊक होते तसे कोकणातल्या मुलांनाही आहे. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू बांधलेला शिमग्याचा संकासूर अंगणात आला की पोरे आधी आईच्या मागे लपतात आणि मग त्याच्याच मागून गावभर धावतात. खालूबाजा, पुरुषाने घेतलेले गोमूचे सोंग, होळीचे पोस्त, रस्त्यावर दोरी धरून गाडीवाल्यांकडून घेतलेली वर्गणी, हा सगळा आपलाच ठेवा आहे. तो राहावा असे मला मनापासून वाटते.

सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून मला काळजी आहे ती सोंगासोबत येणाऱ्या मालाची. गालावर काय लावले आहे, अंगावरचे कापड कशाचे आहे, मुलाच्या हातातल्या खेळण्यात काय आहे, याची चौकशी कोणी करत नाही. सण शिमग्याचा असो की परदेशी, त्वचेला आणि डोळ्यांना त्याने फरक पडत नाही.

मूर्तीचा रंग मूर्तीलाच

होळीत सर्वांत जास्त त्रास देणारा रंग म्हणजे चंदेरी. बऱ्याचदा हा साधा ऑइलपेंट असतो, म्हणजे वॉर्निशसारख्या द्रावणात मिसळलेली ॲल्युमिनियमची भुकटी. लोखंडी गेट पावसात गंजू नये म्हणून बनवलेली ही वस्तू माणसाच्या चेहऱ्यावर जाते. पेण तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. तिथे सोनेरी पावडर आणि फ्लोरोसंट रंग मुलांच्या हाताशीच असतात. सोनेरी पावडर म्हणजे बहुधा तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूची भुकटी. मूर्तीवर ती शोभते, पण तो रंग प्लास्टरला आणि मातीला घट्ट धरून बसावा म्हणून तयार केलेला आहे. गालावर लावला तर तिथेही तो तसाच घट्ट बसतो.

खरा घात पुष्कळदा रंग लावताना होत नाही, काढताना होतो. साबणाने निघत नाही म्हणून रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरचा बोळा चेहऱ्यावर घासला जातो. त्याने त्वचेवरचा नैसर्गिक तेलाचा थर जातो, कातडी लाल होते, सोलवटते, कधी फोड येतात. घरात उघड्या बाटलीत ठेवलेले रॉकेल किंवा थिनर लहान मूल पाणी समजून प्यायले तर ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येऊ शकते. अशा मुलाला उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेच द्रव पुन्हा फुप्फुसात जाते. त्याला सरळ रुग्णालयात आणावे.

रंग खेळण्याआधी चेहऱ्याला, कानामागे आणि केसांना खोबरेल तेल चोळावे. खेळून झाल्यावर पुन्हा तेल लावून, मऊ कापडाने टिपून मग सौम्य साबणाने धुवावे. एका दिवसात निघाला नाही तर राहू द्यावा. त्वचेचा वरचा थर झडतो तसा तोही चार-आठ दिवसांत जातो. उरलेल्या डागाने काही बिघडत नाही, घासून सोललेल्या कातडीने मात्र बिघडते.

‘आमच्या लहानपणी काही झाले नाही’

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो आणि त्यात तथ्यही आहे. पूर्वी सोंगाला काजळी, राख, गेरू, हळद लागायची. रंगासाठी पळसाची फुले उकळायची. आता माल बदलला आहे, त्यामुळे जुन्या अनुभवाची हमी नव्या मालाला लागू पडत नाही.

पण जुने ते सगळे निर्धोक, असेही नाही. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. देवाला वाहायची ती वस्तू लहान मुलाच्या तोंडात जाणे घातक आहे, कारण शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी झटपट रंगणारी काळी मेंदीही अशीच फसवी. मेंदीचा खरा रंग तांबूस असतो. काळेभोर रंगण्यासाठी तिच्यात अनेकदा केस रंगवण्याचे पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. हौसेने काढलेल्या नक्षीच्या जागी काही दिवसांनी तशाच नक्षीचे फोड उठतात. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर साधा केसांचा कलपही सोसत नाही.

रंगाने जीवही गेला आहे, आणि तो फार लांब नाही. 2012च्या होळीत मुंबईत धारावी परिसरातल्या शंभराहून अधिक जणांना रंग खेळल्यावर चक्कर, उलट्या, अंगाची आग असा त्रास होऊन शीव रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती आणि एक मुलगा दगावला. हा प्रसंग आपण विसरलो, कारण सणाच्या दुसऱ्या दिवशी बातमी जुनी होते.

कापड आणि ज्योत

2014 साली हॅलोविनच्या रात्री ब्रिटनमधल्या एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा पोशाख मेणबत्तीला लागून पेटला. मुलगी वाचली, पण भाजल्याच्या जखमांनी तिला बराच काळ उपचार घ्यावे लागले. आईने जाहीरपणे प्रश्न विचारला की मुलांचे रात्रीचे कपडे आगीच्या कसोटीला उतरावे लागतात, मग हे पोशाख का नाहीत? त्या देशात हे पोशाख ‘खेळणी’ या वर्गात मोडत होते आणि खेळण्यांची कसोटी सौम्य होती. पुढे तिथल्या मोठ्या दुकानदारांनी स्वतःहून अधिक कडक चाचण्या स्वीकारल्या.

आपल्याकडे हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही. स्नेहसंमेलन, बालदिन, शिवजयंती, गोकुळाष्टमी अशा प्रत्येक निमित्ताने भाड्याचे पोशाख येतात. नायलॉन, पॉलिस्टर, जाळी, जर आणि टिकल्या असलेले, घेरदार आणि ढगळ. दिवाळीत असाच घागरा घालून लहान मुली पणत्यांच्या रांगेजवळ बसतात आणि फुलबाजी लावतात. पॉलिस्टर पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड चिकटत नाही, पण पातळ आणि ढगळ असेल तर तेही झपाट्याने पेट घेते. म्हणून ज्योतीजवळ कपडा जाडसर सुती आणि अंगाबरोबर बसणारा असावा. ओढणी, शेला, लांब बाही बांधून घ्यावी. कापूस लावलेली दाढी आणि नकली केस असतील तर होळीपासून आणि मशालीपासून लांब राहावे.

कपडे पेटले की माणूस धावतो आणि वाऱ्याने आग वाढते. उभ्या माणसाच्या ज्वाळा वर चेहऱ्याकडे जातात. मुलांना शाळेतच शिकवायला हवे की थांबायचे, खाली पडायचे, तोंडावर हात घेऊन लोळायचे. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि 108ला फोन करावा. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला आपल्याकडून ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला किंवा मुंबईला न्यावे लागते. रोह्याहून तो प्रवास किती वेळ घेतो हे आपण सर्व जाणतो. म्हणूनच ती पहिली वीस मिनिटे घरच्यांच्या हातात असतात.

छोट्या वस्तू, मोठा धोका

वाढदिवसाचे आणि मिरवणुकीचे तरंगणारे फुगे हेलियमचे असतील तर ते पेटत नाहीत. पण हेलियम महाग असल्याने अनेकदा हायड्रोजन भरला जातो, आणि केकवरच्या मेणबत्तीजवळ त्याचा भडका उडू शकतो. फेसाच्या स्प्रेच्या डब्यात दाब देण्यासाठी बहुधा ज्वलनशील वायू असतो, म्हणून तो पेटत्या मेणबत्तीवर मारू नये. कोरडी रंगभुकटीही दाट ढगासारखी हवेत उधळली तर पेटू शकते. तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी रंगांच्या एका कार्यक्रमात मक्याच्या पिठापासून बनवलेली भुकटी पेटली. 15 जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे 500 जण होरपळले. मंचावरच्या तापलेल्या दिव्यांजवळ यंत्राने रंग उडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चमकणारी शिंगे, बासऱ्या, मुखवटे यांत बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथला भाग जळू लागतो. ‘शौचातून पडेल’ म्हणून वाट पाहू नये, ताबडतोब एक्स-रे करून घ्यावा. पाण्याने भरलेला फुगा डोळ्यावर बसला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, पडदाही सुटू शकतो. अशा डोळ्यावर दाब देऊ नये. डोळ्यात रंग किंवा चुना गेला तर न चोळता पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मग डॉक्टर गाठावा.

कायदा आहे, पण वापरायचा कोणी?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940चा आहे. शरीराची स्वच्छता, शोभा किंवा रूप बदलण्यासाठी अंगावर चोळायच्या, शिंपडायच्या, फवारायच्या वस्तूंना तो सौंदर्यप्रसाधन म्हणतो. शिसे आणि आर्सेनिकची संयुगे रंग म्हणून वापरलेले प्रसाधन बनवायला आपल्या नियमांत मनाई आहे. साध्या लिपस्टिकला उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटक छापावे लागतात. तोच लाल रंग किलोने सुटा विकला की त्याला नाव नाही, गाव नाही. खेळण्यांवर 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि खेळण्यांच्या भारतीय मानकात मुखवटे, नकली दाढ्या, सोंगाचे पोशाख किती वेगाने पेटावेत याचीही कसोटी आहे. जत्रेतल्या फडताळावर हे चिन्ह शोधून पाहा.

माझे म्हणणे एवढेच आहे की जो रंग चेहऱ्यासाठी म्हणून विकला जातो त्याला चेहऱ्याचे नियम लागू करा. अन्न व औषध प्रशासन दिवाळीत खव्याचे नमुने घेते, तसे होळीआधी रंगांचे घ्यावेत. नगरपरिषदांनी सणाच्या फडताळांना जागा देताना नाव-पत्ता नसलेला रंग विकायचा नाही अशी अट घालावी. शाळांनी पोशाखाच्या सूचनेतच ‘सुती, अंगाबरोबर, दिव्यांपासून लांब’ एवढे छापावे. याला खर्च येत नाही.

गरीब विक्रेत्याचे काय, असे कोणी विचारेल. तो प्रश्न योग्य आहे. चार दिवसांच्या कमाईसाठी फडताळ लावणाऱ्याला त्या पिशवीत काय आहे हे माहीत नसते आणि त्याची स्वतःची पोरेही तोच रंग खेळतात. म्हणून दंडाचा बडगा त्याच्यावर नको. सुटा रंग पोत्याने पाठवणाऱ्या ठोक व्यापाऱ्यापासून सुरुवात व्हावी. गिऱ्हाइकानेही एक सवय लावून घ्यावी. पाकिटावर काही छापलेले नसेल, किंवा ‘औद्योगिक वापरासाठी’ असे छापलेले असेल, तर ते पाकीट ठेवून पुढच्या दुकानात जावे. गिऱ्हाईक वाचून माल घेते हे दिसले की दुकानदार तसा माल मागवतो.

संकासूर घाबरवायलाच येतो आणि त्याने घाबरवावेही. पण ते भय होळीच्या राखेबरोबर विरून जावे, दुसऱ्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहू नये.