अशील बोलत नाही तेव्हा

पीटर येट्स यांचा १९८७ सालचा 'सस्पेक्ट' हा चित्रपट बचावाचे काम करणाऱ्या वकिलांनी जरूर पाहावा. वॉशिंग्टनमधल्या सरकारी बचाव-वकील कॅथलीन रायली यांच्याकडे खुनाचा खटला येतो. आरोपी कार्ल अँडरसन हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला, रस्त्यावर राहणारा सैनिक. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि विश्वास तर कुणावरच नाही. लिआम नीसन यांनी हा माणूस जवळपास शब्दांवाचून उभा केला आहे. वकील त्याच्यापर्यंत पोहोचू पाहते, तेवढा भाग अस्सल आहे.

पुढे मात्र चित्रपट वाट सोडतो. ज्युरीतलाच एक सदस्य तिला गुपचूप पुरावे आणून देतो आणि ती ते घेते. हे आपल्या व्यवसायात सनद घालवणारे वर्तन आहे. शिवाय खुनी भलताच निघतो. कार्ल निर्दोष ठरला की युद्धाने त्याच्या मनाचे काय केले, हे न्यायालयाला सांगण्याची गरजच संपते. आपली खरी कसोटी तर कृत्य अशिलानेच केलेले असते तेव्हा लागते.

ही कसोटी 'पोर्टर विरुद्ध मॅककॉलम' या २००९ सालच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसते. पोर्टर कोरियन युद्धात लढलेला आणि जखमी झालेला सैनिक. फ्लोरिडात दोन खून केल्याची कबुली त्याने दिली होती आणि त्याला फाशी सुनावली गेली. शिक्षेच्या टप्प्याबाबत वकील त्याला एकदाच, तेही थोडाच वेळ भेटले होते. शाळेचे, दवाखान्याचे, लष्कराचे कागद मागवले नव्हते, घरच्या कुणाशी बोलणेही झाले नव्हते. अशील सहकार्य करत नव्हता, हे कारण न्यायालयाने पुरेसे मानले नाही. ज्युरीला त्याचे युद्ध कळलेच नाही, म्हणून शिक्षेचा निर्णय टिकला नाही. असहकार हे अनेकदा युद्धाच्या आघाताचेच लक्षण असते, हे आपण ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याकडे असा माजी सैनिक लोकअभिरक्षकाकडे आला, तर पहिला विचार भारतीय न्याय संहितेच्या कलम २२चा, म्हणजे मनोविकलतेच्या बचावाचा होतो. पण कृत्य करताना त्याचे स्वरूपच कळत नव्हते, इथपर्यंत युद्धाचा आघात क्वचितच पोहोचतो. तो बचाव फेटाळला गेला की पुष्कळ वकील तो विषयच मिटवून टाकतात. वास्तविक त्या पुराव्याची खरी जागा शिक्षेच्या सुनावणीत आहे. 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या २०२२च्या निकालात, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत आरोपीची मानसिक स्थिती आणि पूर्वायुष्य यांची माहिती आरंभापासूनच गोळा व्हावी, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. फाशीचा प्रश्न नसलेल्या खटल्यातही आपण ती शिस्त का पाळू नये?

कागद मिळवण्याचे मार्ग आहेत. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येते. वैद्यकीय मंडळाचे अहवाल, तुकडीतल्या सोबत्यांची साक्ष, हेही मिळवता येते. त्याला वेळ लागतो, आणि शिक्षेवरची सुनावणी अनेकदा दोषी ठरवल्याच्याच दिवशी उरकली जाते. म्हणून या कागदांसाठीचा अर्ज वकीलपत्र दाखल होईल त्याच आठवड्यात गेला पाहिजे.