स्पर्धकाशी 'कोलॅब', एका ग्लासात

कोलॅब म्हणजे काय, हे आता कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन यूट्यूबर मिळून व्हिडीओ करतात, दोन ब्रँड मिळून एक टी-शर्ट काढतात. बऱ्याचदा एकत्र येतात ते फक्त दोन लोगो. अमेरिकेतल्या क्राफ्ट ब्रुअरींनी मात्र हा प्रकार बराच पुढे नेला. आपलं तंत्र थेट स्पर्धकासमोर उघडं करायचं आणि दोघांनी मिळून एक बिअर बनवायची!

२०१४चं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीनं बारा भागीदारांबरोबर बारा बिअर बनवल्या आणि त्या एकाच बॉक्समधून विकल्या. त्यातली एक होती 'टॉर्पेडो पिल्सनर'. तिचा भागीदार होता कॅलिफोर्नियातलीच फायरस्टोन वॉकर ब्रुअरी.

पिल्सनर ही मुळात साधी, सोनेरी, स्वच्छ चवीची बिअर. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन शहरात ती पहिल्यांदा बनवली जोसेफ ग्रोल यानं, आणि तो होता शेजारच्या बव्हेरियाचा. म्हणजे बाहेरच्या माणसाचं तंत्र आणि गावचं पाणी, बार्ली, हॉप्स. जन्मापासूनच कोलॅब म्हणा ना!

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देतात. उकळताना घातली तर कडवटपणा जास्त उतरतो. नंतर, थंड बिअरमध्ये भिजवली तर सुगंध जास्त. या दुसऱ्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. ही इंग्लिश एलची जुनी रीत इटलीच्या बिरिफिचो इतालियानोनं १९९६ मध्ये 'टिपोपिल्स' या पिल्सनरवर वापरली. तिच्यापासून प्रेरणा घेऊन फायरस्टोन वॉकरनं 'पिवो' काढली. सिएरा नेवाडाकडे होता 'टॉर्पेडो', म्हणजे हॉप्सची अख्खी फुलं ठासून भरलेलं स्टीलचं नळकांडं. बिअर त्यातून फिरवायची की सुगंध उतरतो.

दोघांची ही विद्या आणि न्यूझीलंडचे हॉप्स एकत्र आले. अशा हॉपी पिल्सनरची चव टप्प्याटप्प्यानं कळते. आधी नाकाला फळांचा वास, मग जिभेवर माल्टची पावासारखी हलकी गोडी आणि शेवटी कोरडा, चटकन संपणारा कडवटपणा. इथे लपायला जागा नसते. जास्त अल्कोहोल नाही, गडद माल्ट नाही. त्यामुळे बनवताना झालेली छोटी चूकही लगेच चवीत कळते. (महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. तोवर हा धडा वाचूनच!)

पण स्पर्धकाला गुपित का द्यायचं? कारण खरा स्पर्धक शेजारची छोटी ब्रुअरी नाही. बाजार व्यापलाय तो प्रचंड कंपन्यांच्या फिक्या लागरनं. ग्राहकाला वेगळ्या चवीची सवय लागली, तर फायदा सगळ्याच छोट्यांना. एव्हरी आणि रशियन रिव्हर या ब्रुअरींच्या एकेका बिअरचं नाव सारखंच निघालं, 'सॅल्व्हेशन'. कोर्टात जाण्याऐवजी त्यांनी दोन्ही बिअर मिसळून २००६ मध्ये नवी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन'. भांडण नको, भागीदारी करू!

मग ही मैत्री बाजारात टिकली का? इथे चित्र जरा कडवट आहे. त्या बारा जणांपैकी बॅलास्ट पॉइंट २०१५ मध्ये कॉन्स्टेलेशन ब्रँड्सनं तब्बल एक अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०१९ मध्ये पुन्हा विकूनही टाकली. फायरस्टोन वॉकरनं २०१५ मध्येच बेल्जियमच्या डुव्हेल मूर्टगाटशी हातमिळवणी केली. सिएरा नेवाडा मात्र अजून संस्थापकाच्या कुटुंबाकडेच आहे. २०२४ मध्ये तर अमेरिकेत नव्या उघडलेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या.

म्हणजे कोलॅबमुळे धंदा वाचतोच असं नाही. भांडवल, भाडं, वितरण हे प्रश्न सुगंधानं सुटत नाहीत. पण कंपनी विकली गेली तरी शिकलेलं तंत्र ब्रुअरच्या हातात राहतं, आणि ते त्याच्याबरोबर पुढच्या ब्रुअरीत जातं. उद्या कुणी स्टार्टअपसाठी कोलॅब करू या म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: यातून आपण एकमेकांकडून शिकणार काय? उत्तर नुसतं 'फॉलोअर्स' असेल, तर ते फक्त दोन लोगो आहेत.