आपल्या कपाटात कॅम्प का नाही?

गेल्या काही महिन्यांत काय काय वाचले ते लिहा, असा दोघीतिघींचा आग्रह होता. लिहिते. पण या वेळी नुसती यादी देणार नाही, थोडे भांडणार आहे. भांडण पुस्तकांशी कमी आणि आपल्या मराठी वाचणाऱ्या मंडळींशी जास्त आहे. राग मानू नये. मानलाच तर शेवटपर्यंत वाचून मानावा!

मुद्दा सरळ आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी वाचकाला लाहोर-अमृतसरची फाळणी ठाऊक असते. पण लोकलने पंधरा मिनिटांवर असलेल्या उल्हासनगरात फाळणीने काय आणून टाकले, हे त्याला ठाऊक नसते. आणि ते ठाऊक नाही याचे त्याला काही वाटतही नाही.

सुरुवात झाली ती भीष्म साहनींच्या 'तमस'पासून. गोविंद निहलानींची मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी पाहिली, पण कादंबरी पुन्हा वाचताना ती मालिकेपेक्षा शांत वाटते आणि म्हणून जास्त घाबरवते. डुक्कर मारायला लावलेला नत्थू कोणाच्या हातचे खेळणे झाला, हे त्याला कळेपर्यंत गाव पेटलेले असते. मग मंटोची 'टोबा टेक सिंग' पुन्हा वाचली. त्यानंतर उर्वशी बुटालियांचे 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' (१९९८). फाळणीतल्या बायकांशी, मुलांशी बोलून लिहिलेले हे पुस्तक एका बैठकीत वाचवत नाही. तिन्ही उत्तम. आणि तिन्ही पंजाबची.

पंजाब तोडला गेला, बंगाल तोडला गेला. सिंध तोडला गेला नाही, तो अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे पंजाबी निर्वासिताला अर्धा का होईना, आपला पंजाब मिळाला. सिंधी माणसाला आपला म्हणावा असा एक जिल्हाही मिळाला नाही. ही साधी गोष्ट लक्षात घेतली की उल्हासनगर वेगळे दिसू लागते.

म्हणून पुढे नंदिता भवनानींचे 'द मेकिंग ऑफ एक्झाइल' (२०१४) घेतले. मी मराठी माध्यमातली बी. ए., तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचले. राजकारणाचा भाग जड आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण पुढे उलगडा होत जातो. सिंधमध्ये पंजाबसारख्या कत्तली झाल्या नाहीत. ऑगस्ट १९४७ मध्ये अनेकांनी घर सोडलेही नव्हते. मग भारतातून गेलेले निर्वासित तिकडे पोहोचले, घरांची टंचाई झाली, भीती वाढली आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली. त्यानंतर बोटी भरभरून माणसे मुंबईकडे निघाली.

यातले कितीतरी लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, पाच कॅम्प. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. नाव बदलून पाऊणशे वर्षे झाली, तरी आमच्याकडे आजही 'जरा कॅम्पात जाऊन येते' असेच म्हणतात. तिथून लग्नाचे कापड आणतात, फर्निचर आणतात आणि एक विनोद आणतात: 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पाऊणशे वर्षांच्या शेजारातून आपण घेतलेले वाङ्मय म्हणावे तर एवढेच!

साझ अगरवाल यांचे 'सिंध: स्टोरीज फ्रॉम अ व्हॅनिश्ड होमलँड' (२०१२) आईच्या आठवणींपासून सुरू होते आणि मग इतरांच्या आठवणी जमवत जाते. वाचायला हे सर्वात सोपे. यावर माझा आक्षेप एकच: गेलेले घर आठवणीत नेहमी मोठे होते, अंगण रुंद होते. खायला नसलेल्यांच्या आठवणी अजून हव्या होत्या. रीटा कोठारींचे 'द बर्डन ऑफ रेफ्यूज' (२००७) मात्र मला सगळ्यांत धारदार वाटले. ते गुजरातेतल्या सिंध्यांबद्दल आहे. मांसाहारी, सूफी पिरांना मानणारे हे हिंदू गुजराती शेजाऱ्यांना अर्धे मुसलमानच वाटले, आणि मग पुढच्या पिढीने आपले सिंधीपण हळूहळू खरवडून टाकले, असे त्या दाखवतात. वाचताना सारखे वाटत होते, हेच पुस्तक महाराष्ट्राबद्दल मराठीत कोणी लिहील का?

आता आपले कपाट बघा. फाळणीवर मराठीत ग्रंथ आहेत. वि. ग. कानिटकरांचे 'फाळणी: युगान्तापूर्वीचा काळोख' आमच्या पिढीतल्या अनेकांनी वाचलेले असते. पण आपल्याकडे फाळणी म्हटली की वाद सुरू होतो तो दोष कोणाचा, गांधींचा की जिनांचा, याचाच. दोष ठरवायला आपण रात्र जागवू, पण त्या रात्री माणसे झोपली कुठे, हे विचारणार नाही. कादंबऱ्यांचे म्हणाल तर 'स्वामी' (१९६२), 'छावा' (१९७९), 'पानिपत' (१९८८) यांच्या बांधण्या आमच्या वाचनालयात दोनदोनदा बदलल्या आहेत. त्या वाचू नका असे मी म्हणत नाही, मुलांना मीच वाचायला लावल्या. पण पानिपतावर काय झाले ते अडीचशे वर्षांनंतरही आपल्याला रोज सलते, आणि कॅम्प नंबर तीनमध्ये काय झाले ते एकदाही विचारावेसे वाटत नाही, हे कसे? आमच्या भागाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख सांगतो, आणि तिथून जी उडी मारतो ती थेट २६ जुलै २००५ च्या पुरात! मधली बराक त्याला दिसतच नाही.

यावर मला जी उत्तरे मिळतात ती आता पाठ झाली आहेत.

पहिले उत्तर आमच्या नणंदबाईंचे. "अहो वहिनी, त्यांनी स्वतः कुठं काय लिहिलंय? ते बसले दुकानात." लिहिले आहे, वन्सं, भरपूर लिहिले आहे. पोपटी हिरानंदानींच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. सुंदरी उत्तमचंदानींना १९८६ चा आहे. आणि मोहन कल्पना हे तर याच उल्हासनगरातले लेखक. त्यांच्या 'उहा शाम' या कादंबरीला १९८४ चा पुरस्कार मिळाला. साहित्य अकादमीचा कादंबरीकार आपल्या पुढच्या स्टेशनावर होता, आणि आपल्याकडे किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे? हात वर करा पाहू. या लेखकांचे दुर्दैव असे की, अरबी वळणाच्या लिपीत लिहायचे की देवनागरीत, या वादात आणि इंग्रजी शाळांच्या ओढीत त्यांच्या स्वतःच्या नातवंडांनाच ती पुस्तके वाचता येईनाशी झाली. सिंधी भाषा १९६७ साली आठव्या परिशिष्टात आली खरी, पण परिशिष्टात आल्याने वाचक येत नाहीत.

दुसरे उत्तर: "त्यांनी आधी मराठी वाचावं, मग आपण बघू." वाचन म्हणजे लग्नातला आहेर आहे का, की त्यांनी पैठणी दिली तरच आपण शालू द्यायचा? रशियन लोकांनी मराठी वाचले नाही म्हणून आपण टॉलस्टॉय सोडला नाही.

तिसरे उत्तर जरा समजूतदार चेहऱ्याचे असते: "जुन्या जखमा कशाला उकरायच्या? उगाच द्वेष वाढेल." माझा अनुभव उलटा आहे. द्वेष अर्धवट माहितीवर वाढतो. या आठवणी सविस्तर वाचल्या तर त्यात लुटणारे भेटतात, तसे निरोप देताना रडणारे मुसलमान शेजारीही भेटतात. रीटा कोठारींनीच अनुवादित केलेल्या 'अनबॉर्डर्ड मेमरीज' (२००९) या संग्रहात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सिंधी लेखकांच्या कथा आहेत. अवश्य वाचा. ज्याला द्वेषच हवा आहे, त्याची या पुस्तकाने निराशा होईल.

आणि सिंध आपल्याला परका होता कधी? १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली पहिली सरकारी शाळा १८५५ साली सुरू झाली, ती आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. सिंधी हिंदूंच्या खुदाबादी लिपीला वळण लावण्याचे काम १८६८ साली सरकारने त्यांच्याकडेच सोपवले होते. म्हणजे एक मराठी मास्तर तिकडे जाऊन त्यांची अक्षरे शिकला. आम्ही मराठी मास्तर मात्र त्यांचे अख्खे गाव इकडे येऊन वसले, तरी त्यांची एक गोष्ट मराठीत आणायला उठलो नाही.

मराठीला हे जमत नाही असेही नाही. १९७८ साली 'बलुतं' आले, १९८० साली 'उपरा' आले. त्याआधी गावकुसाबाहेर लिहिण्यासारखे काय आहे, असे विचारणारे शहाणे होतेच. गिरणगावातल्या माणसांवर जयंत पवारांनी लिहिले, तेव्हा बंद पडलेल्या गिरण्यांतही कथा सापडल्या. मराठी साहित्याने जेव्हा जेव्हा शेजारी पाहिले, तेव्हा ते मोठे झाले.

आमच्या वाचनालयाच्या सूचनावहीत मी वर सांगितलेली चार पुस्तके लिहून आले. उत्तर मिळाले, "मॅडम, मागणी नाही." मागणी आकाशातून पडत नसते. तुम्ही चौघांनी लिहिलेत तर तीच मागणी. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांनी एकेका कथेचा मराठी अनुवाद करून पाहा, लेखकाची-प्रकाशकाची परवानगी मागा, मुद्रितशोधन मी करीन. लाल शाईची सवय अजून गेलेली नाही! ज्यांचे घर अंबरनाथ-उल्हासनगरात आहे त्यांनी ओळखीच्या सिंधी आजोबांशी, आजींशी तासभर बोलून लिहून ठेवा. १९४७ साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज नव्वदीला टेकली आहेत. 'सवडीने बघू' म्हणायला आता सवड उरलेली नाही.