नेमल्या वाटेवरील पाणबुडी



हैफ्याच्या नौदल संग्रहालयात ‘दाकार’ पाणबुडीच्या मनोऱ्याचा पुढील भाग स्मारक म्हणून ठेविलेला आहे. मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्यांस त्यामागील हकीकत ठाऊक असावी, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

ही पाणबुडी मूळची इंग्रजांची. १९४३ साली डेव्हनपोर्टच्या गोदीत ती पाण्यात उतरली, तेव्हा तिचे नाव ‘टोटेम’ होते. १९६५ साली इस्राएलने ब्रिटनकडून तीन जुन्या पाणबुड्या विकत घेतल्या, त्यांपैकी ही एक. नवे नाव मिळाले ते माशाचे. कोकणात आपण ज्यास गोब्रा म्हणतो, त्याच्याच कुळातील हा दाकार.

दिनांक ९ जानेवारी १९६८ रोजी ६९ नाविकांस घेऊन ती पोर्टस्मथहून मायदेशी निघाली. प्रवास वेगाने झाल्यामुळे आगमनाचा दिवस २ फेब्रुवारीऐवजी २९ जानेवारी ठरला. कप्तान रानान यांनी आणखी एक दिवस आधी येण्याची परवानगी मागितली. परंतु स्वागतसमारंभाची तारीख ठरून गेली होती. २४ जानेवारीच्या सकाळी क्रीटच्या पूर्वेकडून तिने आपले स्थान कळविले. त्या मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी अखेरचा संदेश आला आणि मग काहीच आले नाही.

वर्षभराने, फेब्रुवारी १९६९ मध्ये, खान युनिसच्या किनाऱ्यावर एका अरब कोळ्यास तिचा संकटसूचक बोया सापडला. त्याची तपासणी करून तज्ज्ञांनी अनुमान काढिले की, पाणबुडी आपली वाट सोडून दूर, कमी खोल पाण्यात गेली असावी. त्यामुळे कित्येक वर्षे शोध चालला तो भलत्याच ठिकाणी. ज्यांचे पुत्र, पती, पिते तीत होते, त्यांस दगड ठेवावयास कबर नव्हती, आणि आपला माणूस वाट का चुकला, हा प्रश्न मात्र होता.

अखेर तज्ज्ञांनी ते अनुमान बाजूस ठेवून मूळ मार्गच धुंडाळला. २८ मे १९९९ रोजी क्रीट व सायप्रस यांच्या दरम्यान, सुमारे ३,००० मीटर खोलीवर, दाकार सापडली. ती नेमून दिलेल्या वाटेवरच होती. एकतीस वर्षांनी घरच्यांस एवढे तरी कळले की, आपली माणसे वाट चुकली नव्हती. ती घरीच येत होती.

२००० साली मनोऱ्याचा भाग वर आणिला गेला. यरुशलेमला हर्झल पर्वतावरही पाणबुडीच्या आकाराचे स्मारक असून तेथे ६९ नावे कोरलेली आहेत. मुलांस ती मोठ्याने वाचावयास सांगावे.