नदी साफ झाली, गाळ कुठं गेला?



बांधावर सहा ट्रॉल्या गाळ पडून आहे. उन्हाळ्यापासून. ताडपत्री टाकून झाकलाय. येणारा-जाणारा विचारतो, "दादा, एवढा काळाभोर गाळ, पसरत का नाही?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून दमलो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमचं गाव नदीकाठी. वर शहर, शहराच्या अलीकडे कारखाने. उन्हाळ्यात नदीपात्र खोल करायचं काम निघालं. ठेकेदाराचा माणूस गावात येऊन म्हणाला, गाळ फुकट, फक्त वाहतूक तुमची. माझं रान मुरमाड, हलकं. सहा ट्रॉल्या टाकून घेतल्या. शेजारच्या अण्णांनी त्याच आठवड्यात एकरभर पसरूनही टाकला आणि त्यात पालक-मेथी केली.

मला शंका आली ती वासामुळं. ढीग उकरला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. आपण काळा गाळ म्हटलं की सुपीक समजतो. पण शहराखालच्या गाळाचा काळेपणा सांडपाण्यातल्या घाणीचा आणि लोहाच्या सल्फाइडचाही असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गाळाच्या विरोधात नाही. २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली, तेव्हा आमच्या पाझर तलावाचा गाळ मीच पहिल्यांदा नेला. त्या तलावाच्या वर नुसती शेतं आणि माळ. तो गाळ म्हणजे आपल्याच रानातली वाहून गेलेली माती, ती परत आणली तर चांगलंच. नदीचा, शहराखालचा, नाल्याच्या तोंडाचा गाळ वेगळा. त्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असू शकतं. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, इथंच फसतो.

तुम्ही म्हणाल, माती परीक्षण केलंय की. मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा. त्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं आणि कॅडमियम त्यात नाहीच. नदीचंही तेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. पण ती यादी पाण्याच्या बीओडीवरून केलेली. म्हणजे पाण्यातली सडणारी घाण मोजली. तळाच्या गाळात काय बसलंय ते त्या आकड्यात दिसत नाही.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून खासगी प्रयोगशाळेत दोन नमुने दिले. एक माझ्या जुन्या मातीचा, एक गाळाचा. दोन का? तर आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. तिच्यात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच बऱ्यापैकी असतं. नुसत्या गाळाचा आकडा बघून उगाच घाबराल नाहीतर उगाच निर्धास्त व्हाल. आपल्या मातीशी ताडून बघायचं. शिसं आणि कॅडमियम आपल्या खडकात कमी, म्हणून तेच खरे चुगलखोर. माझ्या गाळात शिसं रानातल्या मातीच्या तिपटीहून जास्त निघालं.

आता मुद्द्याचं. हे काढता येतं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की सूर्यफूल, मोहरी लावा, झाडं धातू ओढून घेतात. ओढतात, खोटं नाही. पण हिशोब करू. एक एकर, वरची सहा इंच माती, वजन साधारण नऊ लाख किलो. किलोमागं ५० मिलिग्रॅम शिसं जादा आलं असं धरा. झालं ४५ किलो. पिकाचा वाळलेला पाला-धांडा एकरी चार टन आणि त्यात किलोमागं ५० मिलिग्रॅम शिसं आलं, तर एका पिकात निघालं २०० ग्रॅम. म्हणजे सव्वादोनशे पिकं! आणि तो पाला-धांडा जनावराला घालायचा नाही, जाळायचा नाही, खतातही टाकायचा नाही. मग ठेवायचा कुठं?

आम्ल किंवा रसायनानं माती धुता येते. पण मागे उरतं विषारी पाणी आणि जीव नसलेली माती. चुना, शेणखत, बायोचार यांनी धातू मातीला घट्ट धरून राहतात, पिकात कमी जातात. हे उपयोगी आहे, पण ही सफाई नव्हे, हे कुलूप आहे. सामू खाली गेला की कुलूप उघडतं. शिवाय गाळ पाण्याखाली असतो तोवर धातू सल्फाइडला चिकटून गप्प असतात. उपसून वाळवला, हवा लागली, की मोकळे व्हायला लागतात. म्हणजे आपण ढीग पसरतो तीच वेळ धोक्याची.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते काय करतात? जर्मनीत हॅम्बुर्ग बंदरात १९९३ पासून मेथा नावाचा कारखाना एल्ब नदीचा गाळ वाळू आणि बारीक गाळ असा वेगळा करतो. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणून वाळू वापरायला मिळते आणि बारीक गाळ वेगळा साठवतात. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ असा घाण गाळ ठेवायला १९८७ मध्ये स्लुफ्टर नावाची खास जागाच केली. धातू नष्ट करायची युक्ती त्यांच्याकडेही नाही. धातू कुजत नाही. त्याची फक्त जागा बदलते. कुणाच्या जागी, एवढाच प्रश्न.

जपानची गोष्ट आपल्या जास्त जवळची. जिंझू नदीत कामिओका खाणीतलं कॅडमियम आलं, पाटाच्या पाण्यानं भातखाचरात बसलं. लोकांची हाडं ठिसूळ झाली, त्या दुखण्याचं नावच पडलं इताई-इताई, म्हणजे दुखतंय, दुखतंय. सरकारनं १९६८ मध्ये कारण मान्य केलं. खाचरं दुरुस्त करायचं काम २०१२ पर्यंत चाललं, तीस वर्षांहून जास्त. केलं काय? खराब माती खाली गाडली आणि वर चांगली माती टाकली.

पण तिथल्या शेतकऱ्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. १९७२ मध्ये खटला जिंकल्यावर त्यांनी कंपनीकडून तपासणीचा हक्क लिहून घेतला. शेतकरी तज्ज्ञ घेऊन खाणीत जाणार, नमुने घेणार, खर्च कंपनीचा. आपल्याला नुकसान भरपाई मागायची सवय आहे. हे मागायची नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहरी कंपोस्टच्या गोणीला खत नियंत्रण आदेशात धातूंची मर्यादा आहे: शिसं किलोमागं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. गोणीला नियम, मग ट्रॉलीला का नको? नदी उपसणाऱ्यानं आधी गाळ तपासावा, कागद ग्रामपंचायतीत लावावा, मगच ट्रॉली हलवावी. खराब निघाला तर ठेवायची जबाबदारी त्याची. नदी साफ केल्याचा फोटो त्याचा आणि धातू आमच्या सातबाऱ्यावर, हे चालायचं नाही.

तोवर आपल्या हातात काय?

नमुना ढिगात आठ-दहा ठिकाणांहून, खोलातून घ्या. लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनानं, गंजक्या घमेल्यात नको. सोबत आपल्या रानाचा नमुना. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: एकूण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल. नेहमीचं परीक्षण नको.

पसरून झाला असेल तर त्या तुकड्यात पालेभाज्या आणि कंदमुळं थांबवा, पालेभाज्या कॅडमियम जास्त उचलतात. शेणखत भरपूर द्या, सामू सातच्या खाली जाऊ देऊ नका. फुलं किंवा बांबू बघा.

अण्णांना रिपोर्ट दाखवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन तोडे बाजारात गेले रे." त्यांची चूक नाही. फुकट मिळालं म्हणून घेतलं, सांगणारं कुणी नव्हतं. पण पसरलेला गाळ आता मातीतून वेगळा होत नाही.

माझ्या सहा ट्रॉल्या अजून बांधावर आहेत. परत न्या म्हणून ठेकेदाराला फोन करतो, तो उचलत नाही. पसरणार मात्र नाही.