निळाईत बुडालेले प्रेम

९ नोव्हेंबर २००७ रोजी, ऐन दिवाळीत, संजय लीला भन्साळी यांचा 'सावरिया' प्रदर्शित झाला, तेव्हा अपेक्षांचे ओझे टीकाकारांनी लादलेले नव्हते. निर्मात्यांनीच ते थाटामाटाने डोक्यावर घेतले होते. हॉलिवूडच्या सोनी कंपनीचा पैसा, रणबीर कपूर आणि सोनम कपूर यांचे पदार्पण आणि आधाराला दोस्तोयेव्स्कीची १८४८ सालची 'व्हाइट नाइट्स' ही कथा! एवढ्या भांडवलावर प्रेक्षकांच्या पदरात काय पडले? कालवे, नावा, पूल आणि सर्वत्र ओतलेला निळा रंग. हे गाव कोणत्या प्रांतातले, तेथील माणसे कशावर जगतात, याचा पत्ता नाही.

मूळ कथेला पीटर्सबर्ग आहे. तेथे उन्हाळ्यात रात्रीही पुरता अंधार पडत नाही. त्या फिकट उजेडात एक एकाकी तरुण आपल्याच कल्पनाविश्वात हरवलेला असतो. नास्तेन्काची आंधळी आजी तिला टाचणीने आपल्या वस्त्राला जोडून ठेवते. चित्रपटाने टाचणी तेवढी उचलली; त्या टाचणीमागचे कोंडलेले घर मात्र रशियातच राहिले. शिवाय उजळ रात्रींच्या या कथेला काळोखी निळाई फासण्याचे प्रयोजन कोणते? आणि टॉवेल सावरीत नाचणारा, साऱ्या गावाला हसवणारा नायक एकाकी आहे, यावर विश्वास तरी कसा ठेवावा?

गाण्यांचे वावडे मराठी रसिकाला खचितच नाही. १८८२ साली रंगभूमीवर आलेले किर्लोस्करांचे 'सौभद्र' त्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. तेथेही 'वन्स मोअर'च्या आग्रहापायी अर्जुन-सुभद्रा ताटकळत, हे मान्य. पण पद संपले की सुभद्रेची व्यथा अधिक उमगलेली असे. खुद्द भन्साळींनाही ही कला अवगत होती. 'खामोशी'त (१९९६) मूकबधिर आईवडिलांची मुलगी गाते आणि ज्यांनी ते ऐकावे त्यांनाच ते ऐकू येत नाही; तेथे गाणे हेच नाट्य होते. 'हम दिल दे चुके सनम'मध्ये (१९९९) विक्रम गोखले यांनी उभा केलेला गायक पिता घरात असल्याने सूर भिंतींतूनच उमटत. 'सावरिया'त गाणे येते, जाते, आणि राज व सकीना होते तेथेच उभे!

प्रेक्षकांची अभिरुची उथळ, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु याच प्रेक्षकांनी अवघ्या दोन वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, याच दिग्दर्शकाचा जवळजवळ गाण्यांविना असलेला 'ब्लॅक' मनापासून उचलून धरला होता.